दुभाषी कोणासाठी?

नोव्हेंबर 1882 मध्ये डब्लिनच्या ग्रीन स्ट्रीट न्यायालयात एका खटल्याची ज्यूरी विचारविनिमयासाठी आत गेली आणि सहा मिनिटांत बाहेर आली. आरोपी मायल्स जॉइस दोषी. एकाच घरातल्या पाच जणांच्या खुनाचा खटला, शिक्षा फाशीचीच होणार हे सर्वांना ठाऊक, आणि विचार करायला लागली ती सहा मिनिटं. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या चाळिशीतल्या शेतकऱ्याला निकाल कळायला आणखी थोडा वेळ लागला, कारण तो इंग्रजीत जाहीर झाला होता आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. दुभाष्याने तो आयरिशमध्ये सांगितला. तुला काही म्हणायचं आहे का, असं विचारल्यावर मायल्स त्याच्या भाषेत बोलला. देवाची आणि मेरीमातेची शपथ घेऊन त्याने सांगितलं, की जन्मालाच न आलेल्या माणसाचा या प्रकरणाशी जेवढा संबंध असेल, तेवढाच आपला. वर्तमानपत्रांत छापून आलं ते मात्र दुभाष्याचं इंग्रजी.

न्यायालयात दुभाषी होता, ही गोष्ट या खटल्याबद्दल बोलताना बरेचदा निसटते. ‘त्याला कळत नसलेल्या भाषेत खटला चालवून फासावर चढवलं’ असं एका दमात सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. तरी दुभाष्याची नेमणूक झाली होती, तो रोज हजर होता आणि काम करत होता. प्रश्न एवढाच, की तो कोणासाठी काम करत होता?

घटना घडली ती मामट्रास्ना नावाच्या खेड्यात. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, गॉलवे आणि मेयो या परगण्यांच्या सीमेवर, लॉख मास्क नावाच्या मोठ्या सरोवराजवळच्या डोंगराळ भागात हे खेडं आहे. या प्रदेशाला ‘जॉइसांचा मुलूख’ असंच नाव. मारले गेले ते जॉइस, मारणारे म्हणून पकडले गेले त्यांतले बरेच जॉइस आणि साक्ष देणारेही जॉइस, त्यामुळे हा खटला वाचताना आजही डोकं गरगरतं. 17 ऑगस्ट 1882 च्या रात्री काही जण जॉन जॉइस नावाच्या शेतकऱ्याच्या झोपडीत घुसले. जॉन, त्याची बायको, म्हातारी आई आणि मुलगी जागीच ठार झाली. मायकेल हा मुलगा जबर जखमी होऊन दुसऱ्या दिवशी गेला. पॅट्सी हा लहानगा मार खाऊनही वाचला. खून का झाले, यावर अजूनही एकमत नाही.

काळ वाईट होता. जमीनदार आणि कुळं यांच्यातला संघर्ष टोकाला गेला होता. त्याच वर्षी जानेवारीत लॉख मास्कच्याच परिसरात एका बड्या जमीनदाराची माणसं मारली गेली होती. मे महिन्यात डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये नवा मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि त्याचा सहकारी थॉमस बर्क यांचा भरदिवसा खून झाला होता. सरकारने तातडीने नवा गुन्हेप्रतिबंधक कायदा आणला. त्याच्या आधारे खटला जिल्ह्यातून उचलून डब्लिनला नेता येई आणि खास निवडलेल्या ज्यूरीपुढे चालवता येई. मामट्रास्नाचे आरोपी त्यामुळेच दूरच्या राजधानीत येऊन पडले. तिथले ज्यूरर सुखवस्तू शहरी लोक होते, आणि आरोपींच्या खेड्यातली भाषा त्यांना परकी होती.

दहा जणांना अटक झाली होती, ती तिघांच्या सांगण्यावरून. अँथनी जॉइस, त्याचा भाऊ आणि पुतण्या. त्यांची कथा अशी, की रात्री कुत्री भुंकली म्हणून जाग आली, काही माणसं जाताना दिसली आणि आपण भिंतींच्या, झुडपांच्या आडोशाने मैलोगणती त्यांच्या मागे गेलो. काळोखात, लपतछपत केलेल्या या पाठलागात त्यांनी दहाच्या दहा माणसं ओळखली. या साक्षीदारांचं आणि मायल्सच्या घराचं जुनं वैर होतं. खटल्यानंतर तिघांना मिळून सरकारकडून 1250 पौंड मिळाले. त्या काळच्या डोंगराळ आयर्लंडमध्ये ही रक्कम म्हणजे घबाडच होतं. दहांपैकी दोघे माफीचे साक्षीदार झाले, उरले आठ.

आता न्यायालयातली व्यवस्था नीट पाहावी, कारण सगळं तिच्यातच आहे. साक्षीदारांपैकी काहींनी आयरिशमध्ये जबानी दिली. सरकारी वकील इंग्रजीत प्रश्न विचारी, दुभाषी तो आयरिशमध्ये साक्षीदाराला सांगे, साक्षीदार आयरिशमध्ये उत्तर देई आणि दुभाषी ते इंग्रजीत न्यायाधीशांना आणि ज्यूरीला ऐकवी. हा दुभाषी पोलीस दलातला शिपाई होता, म्हणजे ज्या दलाने अटक केली त्याच दलाचा नोकर. मायल्सला यातलं काय मिळत होतं? आयरिश बोलणाऱ्या साक्षीदाराची उत्तरं त्याच्या कानावर आपोआप पडत. बाकी सरकारी वकिलाचं प्रास्ताविक, इंग्रजीतली जबानी, हरकती, बचावाच्या वकिलाचं भाषण, न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेलं मार्गदर्शन यांतलं काहीही त्याच्यासाठी भाषांतरित होत नव्हतं. ज्यूरीला साक्ष कळावी म्हणून दुभाषी नेमला होता. आरोपीला खटला कळावा, हे कोणाच्या यादीतच नव्हतं.

मायल्सच्या आधी ज्या दोघांचे खटले चालले, त्या पॅट्रिक जॉइस आणि पॅट्रिक केसी यांना इंग्रजी येत होतं. एकाच गावातले, एकाच गुन्ह्यातले तीन आरोपी, आणि न्यायालय त्यांपैकी दोघांना कळत होतं, तिसऱ्याला नाही. 1881 च्या जनगणनेनुसार आयर्लंडमध्ये फक्त आयरिश येणारे सुमारे 64 हजार लोक उरले होते. तीस वर्षांपूर्वी ही संख्या तीन लाखांहून जास्त होती. मधल्या पिढीने इंग्रजी उचललं होतं. दुष्काळ, स्थलांतर, इंग्लंडमधली हंगामी मजुरी यांतून ते आलं. मायल्ससारखे मागे राहिलेले लोक मुख्यतः पश्चिमेच्या डोंगरांत आणि बेटांवर होते आणि राज्याच्या हिशेबात ते जवळजवळ नव्हतेच. कायदा तर त्यांच्यापासून फार आधीच मोकळा झाला होता. 1737 च्या कायद्याने आयर्लंडच्या न्यायालयांचं कामकाज इंग्रजीतच चालेल असं ठरवून टाकलं होतं. गंमत म्हणजे हा कायदा उत्तर आयर्लंडमध्ये पुस्तकात तसाच पडून राहिला. तो रद्द करण्याची तरतूद झाली 2022 मध्ये!

तिघांना फाशी झाली. पुढच्या पाच आरोपींनी आपल्या धर्मगुरूच्या सल्ल्यावरून गुन्हा कबूल केला. त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यांच्यात मायल्सचे सख्खे भाऊही होते. दोघे तुरुंगातच मेले, तिघे 1902 मध्ये सुटून घरी आले.

फाशीच्या आधी पॅट्रिक जॉइस आणि पॅट्रिक केसी या दोघांनी तुरुंगाधिकाऱ्यापुढे सांगितलं, की आम्ही दोषी आहोत, पण मायल्स तिथे नव्हता. तार डब्लिनला व्हाइसरॉय लॉर्ड स्पेन्सर याच्याकडे गेली. उत्तर आलं, की कायदा आपल्या मार्गाने जाईल. 15 डिसेंबर 1882 ला गॉलवेच्या तुरुंगात मायल्स वधस्तंभापर्यंत आयरिशमध्ये बोलतच गेला. मार्वूड हा इंग्लंडहून आणलेला नामांकित फाशी देणारा. पण दोर मायल्सच्या हाताला अडकला आणि त्याचा जीव झटक्यात न जाता गुदमरून गेला.

प्रकरण इथेच मिटायचं, पण मिटलं नाही. 1884 मध्ये टूरमॅकीडीच्या चर्चमध्ये आर्चबिशपांसमोर, भरल्या सभेत थॉमस केसी या माफीच्या साक्षीदाराने सांगितलं, की मी खोटी साक्ष दिली. साक्ष दे नाहीतर फास, असा पर्याय सरकारी वकिलाने ठेवला होता, असं त्याचं म्हणणं. टिम हॅरिंग्टन या खासदाराने खटल्याची कागदपत्रं खणून काढली. त्यांत मरणाऱ्या मायकेलची आणि वाचलेल्या पॅट्सीची जबानी होती, की हल्लेखोरांची तोंडं काळी केलेली होती. काळोखात काळं फासलेली तोंडं ओळखली म्हणणाऱ्या साक्षीदारांचं काय झालं असतं, हे वकिली न शिकलेल्यालाही कळेल. ही जबानी बचावपक्षाला दाखवलीच गेली नव्हती. ब्रिटिश संसदेत 1884 च्या शरद ऋतूत यावर खडाजंगी झाली, फेरचौकशीची मागणी फेटाळली गेली आणि फाईल बंद झाली.

पुन्हा उघडली ती एका लेखकाने, भलत्याच देशात आणि भलत्याच भाषेत.

जेम्स जॉइस 1882 च्याच फेब्रुवारीत डब्लिनला जन्मला. मायल्सशी त्याचं नातं फक्त आडनावापुरतं. पंचविसाव्या वर्षी तो त्रिएस्तमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बंदरात, इंग्रजीच्या शिकवण्या करून पोट भरत होता आणि तिथल्या एका सायंदैनिकात इटालियनमध्ये लेख लिहीत होता. सप्टेंबर 1907 मध्ये त्याने तिथे ‘आयर्लंड पिंजऱ्यात’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. सुरुवातच मायल्सच्या खटल्याने. न्यायाधीशाने प्रश्न विचारावा, म्हाताऱ्याने हातवारे करत, आकाशाकडे पाहत, लांबलचक उत्तर द्यावं, आणि दुभाष्याने त्यातून एवढंसं ‘नाही म्हणतो’ काढून न्यायाधीशांपुढे ठेवावं, असं दृश्य त्याने रंगवलं. जगाच्या न्यायालयात आपली बाजू मांडता न येणाऱ्या आपल्या देशाचं प्रतीक म्हणून त्याने हा माणूस उभा केला.

आता यातलं किती खरं? मायल्स लेखातल्यासारखा सत्तरीचा म्हातारा नव्हता, चाळिशीचा होता. प्रश्नोत्तरांचं ते दृश्य खटल्याच्या वृत्तान्ताशी जुळत नाही. आरोपीला त्या काळी स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्षच देता येत नसे. तो बोलला तो निकालानंतर. फाशी देणाऱ्याने चिडून लाथ मारल्याची दंतकथाही जॉइसने घेतली आहे. म्हणजे पुराव्याच्या कसोटीवर हा लेख ढिला आहे. तरीही खटल्याची मूळ तक्रार त्यात बरोबर पकडली आहे. संसदेत हॅरिंग्टनने पैसा, वैर, दडवलेली जबानी यांवर बोट ठेवलं होतं. भाषेवर बोट ठेवलं ते जॉइसने. पुढे 1939 च्या ‘फिनिगन्स वेक’मध्येही एका गोंधळलेल्या, कोणालाच काही धड न कळणाऱ्या खटल्याचा प्रसंग आहे, त्यामागे अभ्यासक मामट्रास्नाच पाहतात.

कायदा आणि साहित्य यांचा एकत्र अभ्यास अमेरिकी विद्यापीठांत रुजला तो विसाव्या शतकात. विधिज्ञ जॉन विग्मोर याने 1908 मध्ये वकिलांनी वाचाव्यात अशा कादंबऱ्यांची यादी केली. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो याने 1925 मध्ये निकालपत्रांच्या शैलीवर निबंध लिहिला. जेम्स बॉइड व्हाइट याच्या 1973 च्या पाठ्यपुस्तकापासून ही स्वतंत्र विद्याशाखा मानली जाऊ लागली. कथा-कादंबऱ्यांत कायदा कसा दिसतो, हा तिचा एक भाग. निकालपत्र, जबानी, कायद्याचं कलम हेही साहित्यासारखं वाचता येतं, हा दुसरा. मराठी वाचकाला पहिल्यासाठी फार लांब जायला नको. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधला लुटुपुटूचा खटला कोर्टाच्या भाषेच्याच जोरावर बेणारेला घेरत जातो. दुसरा भाग मात्र आपल्याकडे दुर्लक्षित आहे. निकालपत्र वाचायचं ते निकालापुरतं, हीच आपली सवय.

मामट्रास्नाच्या बाबतीत हे दुसऱ्या प्रकारचं वाचन डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या साहित्याच्या प्राध्यापक मार्गारेट केलेहर यांनी केलं. त्यांचं पुस्तक 2018 मध्ये आलं. कोणता साक्षीदार कोणत्या भाषेत बोलला, दुभाषी केव्हा मध्ये पडला, कोणाला किती इंग्रजी येत होतं आणि वार्ताहरांनी काय गाळलं, याचा हिशेब त्यांनी जनगणनेच्या नोंदी, वृत्तपत्रं आणि खटल्याचे कागद एकमेकांशेजारी ठेवून मांडला. कायद्याच्या अभ्यासकाने पुरावा तपासला असता. साहित्याच्या अभ्यासकाने तो पुरावा कोणत्या तोंडून कोणत्या कानात गेला ते तपासलं.

त्याआधी दोन वर्षं याच खटल्यावर आयरिश भाषेत एक पुस्तक निघालं होतं, ‘एगोर’, म्हणजे ‘अन्याय’. लेखक शॉन ओ कुरान. हे गृहस्थ आयर्लंडचे पहिले भाषा आयुक्त. 2003 च्या राजभाषा कायद्याने हे पद निर्माण झालं. सरकारी कार्यालयं नागरिकांशी आयरिशमध्ये व्यवहार करतात की नाही यावर लक्ष ठेवायचं, तक्रारी घ्यायच्या, चौकशी करायची. दहा वर्षं हे काम करून त्यांनी 2014 च्या सुरुवातीला पद सोडलं, निषेध म्हणून. कायदा आहे, पण आयरिश बोलणाऱ्या भागातही नागरिकाला सरकारी कर्मचारी त्याच्या भाषेत सेवा देईल याची हमी नाही, हा त्यांचा आक्षेप. अधिकाराच्या खुर्चीतून जे सांगून झालं नाही, ते त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षं जुन्या खटल्यातून सांगितलं.

एप्रिल 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी मायल्स जॉइसला मरणोत्तर माफी दिली. विद्यापीठातल्या एका कायदेतज्ज्ञाने सरकारसाठी तपासून दिलेल्या अहवालात ही शिक्षा टिकण्यासारखी नाही, असं म्हटलं होतं.

आयर्लंड स्वतंत्र झाला, 1937 च्या घटनेने आयरिशला पहिली राजभाषा केलं, तरी न्यायालयातला तिढा सुटला असं समजू नये. मामट्रास्नाच्या जवळच्याच कॉनेमारा भागातल्या, आयरिश बोलणाऱ्या एका आरोपीने मागणी केली, की माझा खटला आयरिश समजणाऱ्या ज्यूरीपुढे चालवा. दुभाष्यामार्फत नको, थेट ऐकणारे हवेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2014 मध्ये चार विरुद्ध एक मताने ती फेटाळली. ज्यूरी ही सगळ्या समाजातून चिठ्ठ्या टाकून निवडलेली असली पाहिजे. भाषेची चाळणी लावली तर बहुसंख्य नागरिक तिच्यातून गळतील, असा बहुमताचा युक्तिवाद होता. तो पोकळ नाही. पण आरोपीच्या बाजूने पाहिलं तर देशाच्या पहिल्या भाषेत बोलणाऱ्यालाच दुभाष्याची गरज पडावी, हे विचित्रच. न्यायमूर्ती हार्डिमन यांनी एकट्याने वेगळं मत दिलं.

मायल्सला फाशी देणाऱ्या ब्रिटिश राज्याने हिंदुस्थानासाठी मात्र वेगळी तरतूद केली होती. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 361 मध्ये म्हटलं होतं, की साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत दिली जात असेल आणि तो हजर असेल, तर ती खुल्या न्यायालयात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या 1973 च्या संहितेत हेच कलम 279 झालं आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. मायल्सला जे हवं होतं ते इथे कागदावर होतं. यात उदारपणापेक्षा सोय अधिक असावी. इथे साहेबाच्या भाषेत बोलणारा साक्षीदार विरळा, त्यामुळे भाषांतराचं यंत्र उभं करणं राज्यकर्त्यांनाच भाग होतं.

पण कलम मोडलं तर काय? मद्रासमधल्या एका हिंदीभाषक व्यापाऱ्याचं, शिवनारायण काबरा यांचं प्रकरण 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. साक्षी आपल्याला न समजणाऱ्या भाषेत झाल्या आणि सांगितल्या गेल्या नाहीत, ही तक्रार. न्यायालय म्हणालं, ही अनियमितता आहे, पण तेवढ्यावर शिक्षा रद्द होत नाही. आपलं प्रत्यक्ष नुकसान झालं हे आरोपीने दाखवलं पाहिजे. काय बोललं गेलं तेच ज्याला कळलं नाही, त्याने त्यामुळे आपलं काय बिघडलं हे सिद्ध करायचं, म्हणजे जरा अवघडच मामला.

वरच्या न्यायालयांची गोष्ट आणखी वेगळी. घटनेच्या अनुच्छेद 348 नुसार सर्वोच्च न्यायालयाची आणि उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल उच्च न्यायालयात दुसरी भाषा वापरू देऊ शकतात. ती मुभा राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार यांना हिंदीसाठी मिळाली. तमिळनाडू, गुजरात, पश्चिम बंगाल, कर्नाटक आणि छत्तीसगड यांच्या मागण्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या पूर्ण सभेने 2012 मध्ये नाकारल्या. 1970 मध्ये पुण्याचे मधू लिमये यांच्या प्रकरणात राजनारायण यांनी सर्वोच्च न्यायालयात हिंदीतच युक्तिवाद करण्याचा हट्ट धरला. समोरच्या वकिलांना आणि काही न्यायमूर्तींना हिंदी कळत नव्हतं. इंग्रजीत बोला, वकील द्या किंवा लेखी इंग्रजी निवेदन द्या, असे तीन पर्याय ठेवले गेले. तिन्ही नाकारल्यावर त्यांना बोलू देण्याची परवानगीच काढून घेतली गेली. इथे माणूस अडाणी नव्हता, दुबळा नव्हता, खासदारकी गाजवलेला होता. नियम मात्र तोच.

महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाची पायरी चढली, की मराठी कागद भाषांतरित होऊ लागतात. जमिनीच्या वादात सातबारा, फेरफार, पंचनामा यांचं इंग्रजी होतं ते चालून जातं. पण खटलाच एखाद्या मराठी कथेवर असेल तर?

तसा खटला झाला आहे. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली. निशिकांत नावाचा नायक आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा तिचा ऐवज. पुण्यात अश्लीलतेची फिर्याद झाली. खालच्या न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाच्या कलम 292 खाली दोषी धरलं आणि 25 ऑगस्ट 1969 ला सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं. निकालपत्र न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांचं. कथा सुटी वाक्यं काढून नव्हे, पूर्ण वाचून ठरवली पाहिजे, आणि काळ बदलतो तसे वाचकही बदलतात, ही भूमिका त्यात आहे. लेखकाच्या बाजूने लागलेला, आजही उद्धृत होणारा निकाल. त्याचा मराठीत फारसा बोलबाला न झालेला भाग असा, की मराठी कथा शृंगारिक आहे की अश्लील याचा शेवटचा निवाडा तिच्या इंग्रजी भाषांतरावरून झाला. शृंगार आणि अश्लीलता यांतली रेघ मराठीत ओढली जाते ती शब्दाच्या पोतावरून. लाडिक, चावट, वाह्यात, बीभत्स अशा पायऱ्यांवरून. भाषांतरकाराने एखादा शब्द एक पायरी वर किंवा खाली नेला, तर लेखकाचा गुन्हा वाढतो किंवा कमी होतो. काकोडकरांच्या वाट्याला भाषांतर अनुकूल आलं की प्रतिकूल, याचा अभ्यास मराठीच्या एखाद्या विभागाने हाती घ्यावा, इतका हा विषय भरीव आहे. मूळ कथा, भाषांतर आणि तिन्ही पातळ्यांवरची निकालपत्रं शेजारी ठेवून.

वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचंही असंच. ती 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या पत्रिकेत पुन्हा छापली गेली आणि फिर्याद झाली. मे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपादक देविदास तुळजापूरकरांना आणि मुद्रकाला दिलगिरी व्यक्त केली म्हणून सोडलं, पण कवीवर खटला चालू ठेवावा असं सांगितलं. ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तींच्या तोंडी काय घालावं याला वेगळी कसोटी लागते, असं न्यायालयाचं म्हणणं. कवितेतला गांधी हा प्रत्यक्ष गांधी नसून रूपक आहे, हा बचाव इंग्रजी निकालपत्राच्या अनेक परिच्छेदांत चर्चिला गेला. इतक्या गांभीर्याने मराठी कवितेचं वाचन आपल्या विद्यापीठांतही क्वचितच होतं, हेही कबूल केलं पाहिजे. निकालाबद्दल मतभेद आहेतच.

इथपर्यंत मराठी ही पिंजऱ्यातली भाषा. गडचिरोली, मेळघाट किंवा नंदुरबारच्या न्यायालयात ती न्यायासनाची भाषा असते. तिथे माडिया, कोरकू, भिली बोलणारा आरोपी उभा असतो. 2011 च्या जनगणनेत भिली आणि तिच्या बोली मातृभाषा म्हणून सांगणारे देशभरात एक कोटीहून अधिक होते, गोंडी सांगणारे सुमारे तीस लाख. दोन्ही भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात नाहीत. संथाळीला मात्र 2003 मध्ये तिथे जागा मिळाली. न्यायालयातल्या दुभाष्याच्या हक्काचा या परिशिष्टाशी काही संबंध नाही. फौजदारी संहितेच्या कलमात ‘आरोपीला समजणारी भाषा’ एवढंच आहे. त्यामुळे कायद्याच्या लेखी माडियाचा अधिकार तमिळइतकाच पक्का आहे. फरक पडतो तो माणूस शोधताना. तमिळचा दुभाषी शहरात मिळतो. माडियाचा दुभाषी बरेचदा त्याच भागातला कुणीतरी असतो, आणि तो कोणाच्या ओळखीचा, कोणाच्या पगारावरचा, हे ग्रीन स्ट्रीटच्या शिपायाइतकंच महत्त्वाचं.

आणि कलमाची व्याप्तीही पाहण्यासारखी आहे. ते बोलतं फक्त साक्षीपुराव्याबद्दल. 1969 च्या शपथ कायद्यात दुभाष्याला जी शपथ दिली जाते, तीही साक्षीदाराला विचारलेले प्रश्न, त्याने दिलेली उत्तरं आणि भाषांतरासाठी दिलेली कागदपत्रं यांपुरतीच. दोन्ही वकिलांचा युक्तिवाद, जामिनावरची चर्चा, पुढची तारीख का पडली याची कारणं यांतलं काही आरोपीला त्याच्या भाषेत सांगा, असं त्यात नाही. ते सांगायचं की नाही हे वकिलावर आणि न्यायाधीशाच्या स्वभावावर सोडलेलं आहे.